फाईल घेणारा वाटणाराही असतो : टॉरेंट, शेअरिंग अ‍ॅप आणि आपली घरं

मोडनिंब हे काही मोठं शहर नाही. पुणे-सोलापूर महामार्गावरचं, कुर्डुवाडी-मिरज रेल्वेमार्गावरचं माढा तालुक्यातलं बाजारपेठेचं गाव. तरीही इथल्या पोरांच्या मोबाइलमध्ये नवा सिनेमा मुंबईइतक्याच लवकर पोहोचतो. पूर्वी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डमध्ये गाणी आणि सिनेमे 'भरून' मिळायचे. मग शेअरइट, झेंडर आले आणि एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये नेटशिवाय फाईल जाऊ लागली. आता घरोघरी वायफाय आहे, टेलिग्रामचे चॅनेल आहेत आणि ज्याला थोडं जास्त कळतं त्याच्याकडे टॉरेंट आहे. 'फुकट मिळतंय, सगळेच घेतात, आपल्याला कोण विचारतंय?' हा सूर आपल्या मोहल्ल्यातही आहे आणि बाहेरही आहे.

या सवयीत कायद्याचा आणि सुरक्षेचा धोका नेमका कुठे आहे, याबद्दल दोन टोकाच्या समजुती दिसतात. एक म्हणजे काहीच होत नाही. दुसरी म्हणजे एक सिनेमा पाहिला तरी तीन वर्षं आत. दोन्ही चुकीच्या आहेत. आम्हाला सांगायचंय ते एवढंच, की या व्यवहारात घेणारा आणि वाटणारा असे दोन वेगळे लोक नसतात. आपण घेतो तेव्हा बहुतेक वेळा नकळत वाटतही असतो. कायद्याची खरी नजर वाटणाऱ्यावर असते.

टॉरेंट चालतं कसं?

साध्या डाउनलोडमध्ये फाईल एका कंपनीच्या मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर असते आणि तिथून आपल्याकडे येते. टॉरेंटमध्ये असा एक सर्व्हर नसतो. बिटटॉरेंट ही पद्धत २००१ मध्ये ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रामरने काढली. फाईलचे शेकडो छोटे तुकडे केले जातात आणि ते तुकडे जगभरच्या लोकांच्या संगणकांतून येतात. गंमत इथेच आहे. आपल्याकडे पहिला तुकडा आला की आपलं यंत्र तो तुकडा लगेच दुसऱ्यांना पाठवू लागतं. पूर्ण फाईल उतरली आणि प्रोग्राम बंद केला नाही, तर रात्रभर आपल्या घरातून ती फाईल अनोळखी लोकांना जात राहते. या देणाऱ्याला 'सीडर' म्हणतात.

हे सगळं लपूनछपून होत नाही. त्या फाईलच्या देवाणघेवाणीत जे कुणी असतील त्यांचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवरचा घर नंबर, बाकी सगळ्यांना दिसतो. सिनेमा कंपन्यांनी नेमलेल्या संस्था याच गर्दीत शिरून पत्ते टिपतात. पत्ता कोणत्या कनेक्शनचा हे नेट पुरवणाऱ्या कंपनीच्या नोंदीत असतं आणि कनेक्शन ज्याच्या आधार कार्डावर, त्याचं नाव पहिलं पुढे येतं. फाईल भाच्याने उतरवली असेल, पण विचारणा अब्बांकडे होते.

टॉरेंट ही पद्धत मात्र बेकायदा नाही. लिनक्ससारखी मोफत सॉफ्टवेअर कायदेशीरपणे टॉरेंटवर मिळतात. 'इंटरनेट अर्काइव्ह' ही संस्था जुनी पुस्तकं आणि ध्वनिमुद्रणं टॉरेंटनेही देते. सुरी भाजी कापायलाही असते. प्रश्न फाईल कुणाच्या हक्काची आहे हा आहे.

कायदा नेमकं काय म्हणतो?

ऑगस्ट २०१६ मध्ये अनेकांच्या पडद्यावर एक इशारा येऊ लागला होता. बंद केलेली वेबसाईट उघडली की लिहून येई, की ही सामग्री पाहणं, उतरवणं, दाखवणं हा गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. देशभर घबराट पसरली. तेव्हा 'ढिशूम' या सिनेमाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी या मजकुरावरच बोट ठेवलं. नुसतं पाहणं हा गुन्हा नाही, तर हक्कदाराचं नुकसान होईल असं वितरण, सार्वजनिक प्रदर्शन किंवा परवानगीशिवाय विक्री-भाडं हा गुन्हा आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

हे ऐकून बरेच जण निश्चिंत झाले. पण टॉरेंट कसं चालतं ते आत्ताच पाहिलं. टॉरेंटवरून सिनेमा घेणारा नुसता पाहत नाही, तो तुकडे वाटतो. 'मी फक्त बघत होतो' ही ढाल तिथे कमकुवत पडते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली जाणूनबुजून हक्कभंग केल्यास किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. व्यापारासाठी, फायद्यासाठी केलं नसेल तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. मे २०२२ मध्ये 'निट प्रो इंटरनॅशनल' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं. म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास सुरू करू शकतात. दुसऱ्या बाजूने, सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करायची नाही, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून ठरलेलं आहे. दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्यात.

सिनेमासाठी २०२३ मध्ये कायदा आणखी कडक झाला. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या दुरुस्तीनुसार चित्रपटगृहात चोरून चित्रीकरण करणं किंवा चोरीची प्रत लोकांना दाखवणं यासाठी तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड आहे. दंडाची वरची मर्यादा सिनेमाच्या निर्मिती खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जाते. चौकात प्रोजेक्टर लावून चोरीच्या प्रतीवर नवा सिनेमा दाखवणाऱ्या मंडळींनी हे वाचून ठेवावं.

फोटो स्टुडिओ आणि डीटीपीवाल्यांसाठी वेगळं कलम आहे, ६३ ब. चोरीचं आहे हे माहीत असून सॉफ्टवेअर वापरलं तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापरलं नसेल तर न्यायालय कैद माफ करून फक्त दंड करू शकतं. पण लग्नाचे अल्बम आणि पत्रिका करणारा माणूस धंद्यासाठीच वापरतो, हेही खरं.

नुकसान कुणाचं होतं?

'कोट्यधीश हिरोचे चार पैसे बुडाले तर काय झालं?' असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण आठवावं. शेजारच्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला लागला. चित्रपटगृहं तुडुंब भरत असतानाच त्याची प्रत नेटवर आणि हातोहात मोबाइलमध्ये फिरली. सिनेमा इतका चालला की तो तरून गेला. पण प्रत्येक मराठी सिनेमा 'सैराट' नसतो. छोट्या निर्मात्याचा सारा हिशेब पहिल्या दोन आठवड्यांवर असतो.

त्याच वर्षी जूनमध्ये 'उडता पंजाब' प्रदर्शनाआधीच टॉरेंटवर आला. त्या प्रतीवर सेन्सॉरसाठीची खूण होती. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने तपास करून दिल्लीतून २५ वर्षांच्या एका तरुणाला अटक केली. तो एक वेबसाईट चालवत होता. पोलीस आधी अशांनाच शोधतात: पहिल्यांदा टाकणारे, साईट चालवणारे, पैसे कमावणारे. घरात बसून एखादा सिनेमा घेणाऱ्याच्या दारात रोज पोलीस येत नाहीत, हे मान्य करायला हवं. पण टेलिग्राम चॅनेलचा अ‍ॅडमिन झालेला आपला मुलगा या पहिल्या यादीच्या जवळ सरकलेला असतो आणि त्याला ते कळतही नाही.

अभ्यासाच्या पीडीएफचं काय?

एमपीएससी, नीट, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या गरीब मुलांचा हा खरा प्रश्न आहे. क्लासची फी परवडत नाही, पुस्तकं महाग, मग टेलिग्रामवर पीडीएफ आणि लेक्चरचे व्हिडिओ. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पर्धा परीक्षेच्या एका शिक्षिकेच्या दाव्यात टेलिग्रामला तिचं साहित्य फुकट वाटणाऱ्या चॅनेलवाल्यांची माहिती न्यायालयाला देण्याचा आदेश दिला. 'टेलिग्रामवर नाव दिसत नाही' हा भरवसा तिथेच संपला.

पण कायदा शिक्षणाच्या विरोधात नाही. २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी प्रकरणात याच उच्च न्यायालयाने वर्गातल्या शिक्षणासाठी पुस्तकांतल्या भागांच्या झेरॉक्सला मोकळीक दिली. स्वतःच्या अभ्यासासाठी मर्यादित वापर कलम ५२ मध्ये बसतो. वर्गात शिकवण्यासाठीची प्रत आणि हजारो लोकांच्या चॅनेलवर टाकलेलं आख्खं पुस्तक यांत कायदा फरक करतो. एनसीईआरटी आणि बालभारतीची पुस्तकं त्यांच्याच संकेतस्थळांवर मोफत आहेत. स्वयम आणि राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय सरकारी आहेत. मोहल्ल्यातल्या वाचनालयात चार संच विकत घेऊन ठेवणं हे चॅनेल चालवण्यापेक्षा मोठं सवाबाचं काम आहे.

जिथे माफी नाही

एका बाबतीत कायदा अजिबात ढिला नाही आणि नसावा. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचे फोटो-व्हिडिओ. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे. त्यात शोधणं, उतरवणं, पुढे पाठवणं सगळं येतं. २३ सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने मद्रास उच्च न्यायालयाचा उलटा निकाल रद्द केला आणि अशी सामग्री बाळगणंही पॉक्सो कायद्याच्या कलम १५ खाली येऊ शकतं, असं स्पष्ट केलं. महाराष्ट्र सायबरने 'ऑपरेशन ब्लॅकफेस' नावाने आणि सीबीआयने २०२२ मध्ये 'मेघचक्र' नावाने याविरुद्ध मोहिमा केल्या आहेत.

टॉरेंटवर आणि ग्रुपवर फाईलचं नाव एक आणि आतला माल दुसराच, असं सर्रास होतं. एखाद्या ग्रुपवर असं काही आलं तर 'बघा कसला जमाना आलाय' म्हणून दुसऱ्या ग्रुपवर टाकू नका. पुढे पाठवलं की आपण वाटणारे झालो. ग्रुपचं नाव आणि पाठवणाऱ्याचा नंबर टिपून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा, नाव न देताही ती करता येते. फाईल जवळ ठेवू नका आणि ग्रुपमधून बाहेर पडा.

फुकटच्या मालात चोर

कायद्यापेक्षा लवकर गाठणारा धोका हा आहे. चोरीचं सॉफ्टवेअर चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे चोराला आत घ्यायला आपणच कडी काढून देतो. 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर असंच क्रॅक केलेल्या प्रोग्राममधून पसरलं. ते सगळ्या फाईलींना कुलूप घालून पैसे मागतं. फोटो स्टुडिओवाल्याचं अख्ख्या लग्नसराईचं काम एका रात्रीत जातं.

२९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात शेअरइट आणि झेंडर होते. कारण सुरक्षेचं दिलं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ट्रेंड मायक्रो या कंपनीने शेअरइटमधल्या गंभीर त्रुटी उघड केल्या. तरी ते अ‍ॅप एपीके फाईल म्हणून हातोहात फिरलंच. फोनमध्ये आता क्विक शेअर असताना त्याची गरज उरलेली नाही.

आणि हीच एपीके आज सगळ्यात मोठा फास आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका आली. ती पत्रिका नव्हती, एपीके होती. उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. आरटीओ चलन, पीएम किसान अशा नावांनीही अशा फाईली येतात. आपल्याकडे लग्नसराईत दिवसाला चार पत्रिका येतात, त्यामुळे जपून. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. शेवटी एपीके लिहिलेलं असेल तर मामूंनी पाठवली असली तरी उघडू नका, फोन करून विचारा. मामूंचा फोनच ताब्यात गेलेला असू शकतो.

पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त.

आपल्या घरांसाठी ही गोष्ट जड का?

कायदा सगळ्यांना सारखा आहे. पण चौकशीचा भार सगळ्या घरांवर सारखा पडत नाही, हे आपण अनुभवाने जाणतो. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलच्या स्टेटसवरून बंद, दगडफेक झाली आणि नेट बंद करावं लागलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या मजकुरानंतर हिंसाचार झाला आणि एका निरपराध तरुणाचा जीव गेला. त्या घटना टॉरेंटच्या नाहीत. पण एका फोनमधून काय बाहेर गेलं, ते कुणी पाठवलं, फोन तेव्हा कुणाच्या हातात होता, हे प्रश्न तिथेही होते. एक फोन चार जण वापरतात, वायफायचा पासवर्ड सगळ्या गल्लीला माहीत, सिम भावाच्या नावावर. अशा घरात काही घडलं तर आपण नव्हतो हे दाखवायलाच महिने जातात. रोजंदारीवरच्या माणसाला जप्त झालेला फोन म्हणजे बुडालेली रोजी.

परदेशात तर आणखी जपायला हवं. संयुक्त अरब अमिरातीत खोटा आयपी पत्ता वापरून, म्हणजे व्हीपीएनच्या आडून, गुन्हा केल्यास ५ लाख ते २० लाख दिरहम दंडाची तरतूद आहे. जर्मनीत टॉरेंटवर एक सिनेमा घेतला तरी वकिलाचं पत्र येऊन शेकडो युरो मागितले जातात. आखाती देशात नोकरीला किंवा शिकायला निघालेल्या मुलाच्या लॅपटॉपमधून टॉरेंट काढून टाका.

हक्क बंद्यांचा

कॉपीराइट शरियतमध्ये बसतो का, यावर उलमांमध्ये पूर्वी मतभेद होते. पण डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने लेखकाचे, शोध लावणाऱ्याचे हक्क शरियतनुसार सुरक्षित आहेत आणि त्यांचं उल्लंघन जायज नाही, असा ठराव केला. हुकूकुल-इबाद, म्हणजे माणसांचे हक्क, ज्याचे त्यानेच माफ करायचे असतात. जुम्याच्या बयानात व्याज आणि वजनकाट्याबरोबर हा विषयही यायला हवा. कारण आज आपल्या मुलांच्या हातात तराजू नाही, फोन आहे.

मग करायचं काय?

घरात वायफायचा पासवर्ड बदला आणि गल्लीत वाटू नका. मुलांच्या संगणकात टॉरेंटचा प्रोग्राम आहे का, ते ओरडण्याआधी प्रेमाने विचारा. फोनमध्ये 'अनोळखी स्रोतातून अ‍ॅप घेणे' ही सोय बंद ठेवा. स्टुडिओ आणि डीटीपीसाठी लिबरऑफिस, गिंप यांसारखी मोफत सॉफ्टवेअर आणि मुक्त परवान्याचे मुक्ता, बलू असे देवनागरी फाँट आहेत. कुणी फुकट काही देत असेल तर मालकाने दिलंय की चोराने, एवढा एकच प्रश्न विचारा.

आणि पोलीस आलेच तर घाबरून फोन पुसू नका. पुरावा नष्ट केल्याचा वेगळा आरोप येतो. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं आवश्यक आहे. जप्तीच्या यादीची प्रत मागा. कलम ३५ ची नोटीस मिळाली तर दिलेल्या तारखेला हजर राहा, वकील सोबत घ्या. माहिती विचारण्यासाठी महिलांना ठाण्यात बोलावता येत नाही, घरीच यावं लागतं. महिलांना आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना वकील मोफत मिळतो. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे.

या भीतीवर धंदा करणारेही आहेत. 'तुमच्या फोनवरून अश्लील फाईल उतरवली गेली, आम्ही सीबीआयमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर डिजिटल अटक' असे फोन आणि खोटी पत्रं येतात. डिजिटल अटक असा प्रकार कायद्यात नाही. खरा तपास अधिकारी व्हिडिओ कॉलवर पैसे मागत नाही. असा फोन ठेवून द्या, घरात सांगा आणि १९३० वर कळवा.

लाजेपोटी गप्प बसणारा मुलगा या लोकांच्या तावडीत सगळ्यात आधी सापडतो. म्हणून बापाने फोन तपासण्याआधी एवढा विश्वास कमवावा, की चूक झाली तर पोरगं आधी घरी येऊन सांगेल.